मुरलेला माणूस बिऱ्हाड कधी हलवतो?

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात लिनक्स वापरणारे किती, या प्रश्नाला दोन उत्तरं देता येतात आणि दोन्ही खरी ठरतात. जवळजवळ सगळे, किंवा जवळजवळ कोणीच नाही. वर्धा रोडवर खापरीच्या पुढे गेलं की टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या इमारती लागतात. आयटी सेवा क्षेत्रातल्या कामाची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते. सर्व्हर दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये, बहुतेक वेळा लिनक्सचा. तो सांभाळणारी टीम इथे, ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे शिफ्टमध्ये. टेबलावरचा लॅपटॉप मात्र कंपनीने दिलेला, विंडोजचा, आणि त्यात दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या पुट्टीची एक काळी खिडकी उघडी. त्या खिडकीत आठ-आठ तास घालवणारा माणूस लिनक्स चांगलं ओळखतो. लॉग कुठे असतो, डिस्क का भरली, कुठली प्रोसेस अडकली हे त्याला झोपेतही सांगता येईल. शिफ्ट संपली, कॅबमध्ये बसला, की त्याचं लिनक्स मागे राहतं. घरच्या संगणकावर ते नसतं.

युनिक्सच्या वळणाच्या मुक्तस्रोत प्रणाली चालवणाऱ्यांना नेमका हाच माणूस हवा असतो. नवशिका आला की प्रश्न वाढतात, मुरलेला आला की उत्तरं वाढतात. तो बिघाडाची तक्रार करताना कर्नलची आवृत्ती, लॉगमधल्या ओळी आणि बिघाड पुन्हा कसा घडवता येईल हे सगळं जोडून देतो. कधी कधी तर दुरुस्तीचा पॅचच पाठवतो. शंभर नवख्यांमागे असे दोन असले तरी प्रकल्प जगतो. पण त्याला आणायचं कसं? 'सोपं आहे' म्हणून तो हलत नाही, कारण अवघड त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. 'फुकट आहे' म्हणूनही नाही, कारण आत्ता हातात आहे तेही फुकटच असतं. त्याचा प्रश्न अस्सल नागपुरी असतो: काहून बदलायचं?

या प्रश्नाला धार का आहे, हे युनिक्सच्या घडणीत दिसतं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसनने पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर जी प्रणाली लिहायला घेतली, तिचं पुढे डेनिस रिचीच्या सी भाषेत पुनर्लेखन झालं आणि त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. छोटी छोटी अवजारं, प्रत्येकाचं एकच काम, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात द्यायची सोय, ही तिची रचना. मजकुरात शब्द शोधणारी ग्रेप ही आज्ञा १९७३ च्या सुमाराची आहे आणि व्हीआय हा संपादक १९७६ चा. १९८८ मध्ये पोसिक्स हे मानक आलं आणि युनिक्ससारख्या प्रणालींनी कोणत्या किमान गोष्टी एकसारख्या ठेवायच्या हे लिहून ठरलं. परिणाम असा की एका प्रणालीत कमावलेला हात दुसरीतही चालतो. डेबियन, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, अगदी अ‍ॅपलच्या मॅकमधलं टर्मिनल, सगळीकडे पहिली पंधरा मिनिटं ओळखीची वाटतात. मुरलेल्या माणसाला म्हणूनच बदलाची भीती नसते. पण त्याच कारणाने त्याला बदलाची गरजही वाटत नाही.

नागपुरात हे मुरलेले हात घडले कसे, याची गोष्ट थोडी उलटी आहे. सी भाषा युनिक्सच्या पोटातून आली, पण आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने सी शिकली ती डॉसवर, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. आणि त्या पिढीच्या हातातलं पुस्तक नागपूरचं होतं. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' भारतभरच्या अभियांत्रिकी वसतिगृहांत पोचलं. व्हीजेटीआय आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले कानेटकर नागपुरात राहून लिहीत आणि शिकवत होते. युनिक्स शेल प्रोग्रामिंगवरही त्यांचं पुस्तक आहे, आणि 'लेट अस सी'च्या पुढच्या आवृत्त्यांत लिनक्सवर सी कसं चालवायचं याची प्रकरणं आली. तरीही बहुसंख्य विद्यार्थ्यांची सवय त्या निळ्या पडद्याचीच राहिली. पडदा पुसायचा, एक कळ दाबेपर्यंत थांबायचं, हे कोनिओ नावाच्या हेडर फाइलमधलं शिक्षण. तोच प्रोग्राम लिनक्सच्या कंपायलरला दिला की पहिल्याच ओळीला तो म्हणतो, ही फाइल माझ्याकडे नाही. अनेकांची लिनक्सशी पहिली भेट अशी चूक दाखवणाऱ्या एका संदेशातून झाली, आणि चूक लिनक्सची आहे असाच समज झाला.

दुसरी वाट इंटरनेटची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं तेव्हा विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांत शेल खातं मिळायचं. चित्रं नाहीत, माउस नाही. मोडेमने फोन लावायचा आणि पलीकडच्या युनिक्स यंत्रावर लॉगिन व्हायचं. पत्रासाठी पाइन, वाचायला लिंक्स नावाचा अक्षरी ब्राउझर. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच पोरांनी इंटरनेट पाहिलं ते युनिक्सच्या खिडकीतून, आणि आपण युनिक्स वापरतोय हे कित्येकांना माहीतही नव्हतं. पुढे ब्राउझरवाली खाती आली आणि ती खिडकी बंद झाली.

तिसरी वाट मासिकाच्या सीडीची, आणि इथे एक मराठी नाव येतं जे आज जरा विसरलं गेलंय. अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावात, कर्मभूमी बंगळूर. १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी वाटायला सुरुवात झाली त्यामागे ते होते. तेव्हाच्या टेलिफोन लाइनवरून शेकडो मेगाबाइट उतरवणं म्हणजे चेष्टाच. त्यामुळे ज्याने त्या काळात लिनक्स लावलं, त्याने बहुधा त्या सीडीवरूनच लावलं. २००१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'लिनक्स बंगळूर' हे संमेलन सुरू झालं. २००५ मध्ये त्याचं नाव 'फॉस डॉट इन' झालं. सुरुवातीला हे संमेलन प्रचाराचं होतं: या, बघा, वापरून पाहा. गर्दी जमली. मग चिटणीसांना गर्दीचाच कंटाळा आला असावा. भारतात वापरणारे पुष्कळ झाले, हातभार लावणारे कुठे आहेत, हा प्रश्न ते जाहीरपणे आणि बऱ्यापैकी तिखट भाषेत विचारू लागले. संमेलनाचा रोख बदलला. भाषणं कमी, आणि प्रकल्पातल्या लोकांनी एकत्र बसून प्रत्यक्ष कोड लिहायची सत्रं जास्त. गर्दीच्या हिशोबाने हा तोट्याचा सौदा, आणि पुष्कळांना तो उर्मटपणाही वाटला. मला तो बरोबर वाटतो. नवख्याला बोलावणारं आणि जाणत्याला बोलावणारं आमंत्रण एकाच कागदावर छापता येत नाही, हे त्यांनी आपल्याकडे सर्वांत आधी ओळखलं. 'फॉस डॉट इन' २०१२ मध्ये थांबलं आणि चिटणीस २०१३ मध्ये गेले.

आमंत्रणाने जाणते किती येतात याबद्दल मात्र मला शंका आहे. इतिहास पाहिला तर मुरलेला वापरकर्ता सहसा 'येत' नाही, तो कुठून तरी 'निघतो'. जिथे होता तिथे काहीतरी मोडतं, आणि मग तो जवळची उघडी दारं बघू लागतो. याचं अलीकडचं आणि मिहानमधल्या कामाशी थेट जोडलेलं उदाहरण म्हणजे सेंटओएस.

रेड हॅट कंपनी आपलं एंटरप्राइज लिनक्स विकते. विकते म्हणजे कोड तर मुक्त असतो, पैसे मदतीचे आणि हमीचे. त्याच मुक्त कोडवरून बांधलेली, नावं-चिन्हं काढून टाकलेली, फुकटची हुबेहूब आवृत्ती म्हणजे सेंटओएस. २००४ पासून ती चालू होती, २०१४ मध्ये रेड हॅटने तो प्रकल्पच आपल्या छत्राखाली घेतला. ज्यांना रेड हॅटची शिस्त हवी पण वर्गणी परवडत नाही, त्या सगळ्यांचा हा आधार. होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, प्रयोगशाळा, ग्राहकाचे चाचणीचे सर्व्हर, सगळीकडे सेंटओएस. तिची खरी किंमत एका आकड्यात होती: १० वर्षं. आवृत्ती आठ २०१९ च्या सप्टेंबरात आली आणि २०२९ पर्यंत तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील असं ठरलेलं होतं. लोकांनी त्या हिशोबाने सर्व्हर बसवले.

८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की आवृत्ती आठ २०२१ च्या अखेरीस संपेल. त्यापुढे 'सेंटओएस स्ट्रीम' असेल, म्हणजे पक्क्या आवृत्तीची नक्कल नव्हे तर तिच्या आधीची, वाहती आवृत्ती. कायद्याने यात काही गैर नव्हतं. फुकट दिलेली वस्तू कधीपर्यंत द्यायची हे देणारा ठरवतो. पण ज्याने शंभर सर्व्हरचं नियोजन २०२९ च्या भरवशावर केलं होतं, त्याच्या हातात जेमतेम वर्ष उरलं. सिस्टिम अ‍ॅडमिनची जमात एरवी शांत, काही बिघडलं तर आधी स्वतःला दोष देणारी. त्या आठवड्यात ती संतापली.

पुढे जे झालं ते या विषयाचा जणू प्रयोगच होता. सेंटओएसच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक संस्थापक, ग्रेगरी कुर्टझर याने त्याच दिवशी नवी हुबेहूब आवृत्ती काढण्याचा विचार बोलून दाखवला. तिला नाव दिलं रॉकी लिनक्स, रॉकी मॅकगॉ या दिवंगत सहकाऱ्याच्या आठवणीसाठी. दुसरीकडे क्लाउडलिनक्स या कंपनीने अल्मालिनक्स काढलं. अल्माची पहिली पक्की आवृत्ती ३० मार्च २०२१ ला आली, रॉकीची २१ जूनला. डेबियन आणि उबंटू तर आधीपासून दारात उभेच होते. मुरलेल्या माणसांनी निवडलं काय? मोठ्या संख्येने या दोन नव्या, वर्षभराचंही वय नसलेल्या प्रणाली. कारण त्यांनी हाताला नवं काही शिकायला लावलं नाही. दोन्ही प्रकल्पांनी एक छोटी स्क्रिप्ट दिली. ती चालू सर्व्हरवर सोडली की सेंटओएसची पॅकेजं जाऊन त्या जागी नवी येतात. सेटिंग तशीच, डेटा तसाच, कमांड त्याच. लाखो रुपयांची जाहिरात जे करू शकली नसती ते काम त्या स्क्रिप्टने केलं. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपातली सर्न आणि अमेरिकेतली फर्मीलॅब या दोन बड्या भौतिकी प्रयोगशाळांनी आपल्या प्रयोगांसाठी अल्माची शिफारस केली. पूर्वी स्वतःचं 'सायंटिफिक लिनक्स' बांधणारी ही माणसं. त्यांच्यापेक्षा मुरलेले वापरकर्ते शोधून सापडायचे नाहीत.

सेंटओएस सातची मुदत ३० जून २०२४ ला संपली. सर्व्हर सांभाळण्याच्या व्यवसायात अशी तारीख जवळ आली की महिनोन् महिने आधी याद्या निघतात, ग्राहकांच्या परवानग्या मागितल्या जातात, शनिवार-रविवारच्या रात्री बदल लावले जातात. कुठल्या प्रणालीकडे जायचं हे ग्राहक ठरवतो, पण ग्राहकाला सल्ला देणारा ई-मेल कुणीतरी लिहितो. तो लिहिणारा चार-पाच वर्षांच्या अनुभवाचा माणूस मिहानमधला असू शकतो. प्रणालींची लोकप्रियता खरं तर अशा ई-मेलमध्ये ठरते.

मागे गेलं की हाच आकृतिबंध पुन्हा पुन्हा भेटतो. १९९२ मध्ये एटीअँडटीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीआय ही कंपनी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यावर, विद्यापीठाच्या बर्कली शाखेत घडलेल्या बीएसडी या युनिक्सच्या वाणाच्या कोडवरून खटला भरला. तो १९९४ च्या सुरुवातीला मिटला. मधली दोन वर्षं बीएसडी वापरावी की नाही याबद्दल शंका राहिली, आणि लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेलं कच्चं लिनक्स नेमकं तेव्हा दारात होतं. तंत्रात बीएसडी पुढे होती. माणसं गेली ती कोर्टाच्या सावलीमुळे. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतल्यावर ओपनसोलारिस बंद पडलं, आणि त्यातून इल्युमॉस निघालं. २०१४ मध्ये डेबियनने सिस्टिमडी ही सेवा सांभाळणारी नवी यंत्रणा स्वीकारली, तेव्हा ती नको असलेल्यांनी देवुआन काढलं. तोवर सेवा चालू-बंद करण्याचं काम साध्या शेल स्क्रिप्टांनी व्हायचं, कुणालाही उघडून वाचता येईल अशा. ती वाचता येण्याची सोय गेली, ही जुन्यांची खरी तक्रार होती. देवुआन आजही चालतं, पण बहुतेक जण कुरकुर करत डेबियनमध्येच राहिले. तिथली मोडतोड सोसण्यासारखी होती.

म्हणजे नव्या प्रणालीने फक्त दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसायचं का? तसंही नाही. निघालेला माणूस कुठे थांबतो, हे थांबण्याच्या जागी आधीपासून काय मांडून ठेवलंय यावर ठरतं. फ्रीबीएसडीने १९९३ पासून हे धीराने केलंय. मार्च २००० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत तिने 'जेल' दिलं. एकाच यंत्रावर वेगवेगळ्या कोठड्या, एकीतल्या प्रोग्रामला दुसरीतलं दिसत नाही. अशाच कोठड्या देणाऱ्या डॉकरचा गाजावाजा झाला २०१३ नंतर. २००८ च्या सातव्या आवृत्तीत सनची झेडएफएस ही फाइल व्यवस्था आली. ती प्रत्येक तुकड्याची बेरीज जपून ठेवते आणि डिस्कने गुपचूप केलेली खराबी पकडते. ज्याने एकदा बॅकअप उघडून त्यात कचरा पाहिलाय, त्याला या एका गोष्टीसाठी प्रणाली बदलायला पटवावं लागत नाही. नेटफ्लिक्सचे चित्रपट पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ मध्ये तिच्याच बळावर एका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या सांभाळल्याचं सांगितलं होतं. ही जाहिरात नव्हे, हा पुरावा आहे, आणि जाणत्याला पुरावा वाचता येतो.

ओपनबीएसडीची तऱ्हा आणखी वेगळी. नेटबीएसडीतून बाहेर पडलेल्या थिओ डी राटने १९९५ मध्ये हा प्रकल्प उभा केला. इथे नव्या माणसाला चुचकारणं नाही. दर सहा महिन्यांनी आवृत्ती, सुरक्षेबाबत हट्ट, आणि माहितीपानांबाबत त्याहून मोठा हट्ट: मॅन पेजमधली चूक म्हणजे प्रणालीतलीच चूक. मिहानमध्येच एअर इंडियासाठी उभारलेलं विमानदुरुस्ती केंद्र आहे. तिथला तंत्रज्ञ बोल्ट किती आवळायचा हे आठवणीने ठरवत नाही, चालू आवृत्तीची पुस्तिका उघडतो. पुस्तिका जुनी निघाली तर काम थांबतं. ओपनबीएसडीची माणसं मॅन पेजकडे तशी बघतात. लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षं उत्तरं इकडून तिकडून शोधून थकलेला माणूस पहिल्यांदा हे पाहतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक. ओपनबीएसडीचे वापरकर्ते थोडे आहेत. पण याच थोड्यांनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच दिलं, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर पलीकडून लॉगिन स्वीकारणारा प्रोग्राम बहुतेक वेळा तोच असतो. पुट्टीच्या त्या काळ्या खिडकीतून मिहानमधली शिफ्ट रोज त्यांच्याच दारातून आत जाते.

नुसतं उत्कृष्ट असणं पुरत नाही याचा दाखला युनिक्सच्या जन्मदात्यांनीच दिला. बेल लॅब्समधल्या त्याच मंडळींनी युनिक्सच्या चुका सुधारून प्लॅन नाइन नावाची प्रणाली बांधली. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना मिळाली आणि मुक्त परवान्याखाली आली २००० मध्ये, तोवर लिनक्स घरोघरी झालं होतं. रचना सुंदर, पण युनिक्स पुरेसं चांगलं होतं. आणि 'पुरेसं चांगलं' सोडून निघायला कारण लागतं. तिचा एक अंश मात्र सगळीकडे पसरला. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत १९९२ मध्ये प्लॅन नाइनसाठीच केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीत तीन बाइट घेतं. आजचा मराठी मजकूर फोनवर पोचतो तो या, फारसं कुणी न वापरलेल्या, प्रणालीच्या देणगीवर.

आपल्याकडे आणखी एक मार्ग चोखाळून झालाय, हुकमाचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली आणली. भारतीय भाषा आणि सरकारी कार्यालयं हे तिचं बलस्थान. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर बेतलेलं 'माया' आणल्याच्या बातम्या आल्या. हुकमाने संगणक बदलतात, त्यात गैर काही नाही, केरळातल्या शाळा अशाच बदलल्या आणि त्याचं भलं झालं. पण घरी बसून स्वखुशीने निवडणारा मुरलेला माणूस बॉसकडे पाहून एकच विचारतो: यात असं काय आहे जे मूळ डेबियनमध्ये नाही? भाषेच्या ज्या सुधारणा झाल्या त्या मूळ प्रकल्पाकडे परत गेल्या तर प्रश्न आणखी टोकदार होतो, न गेल्या तर त्याला ती चोरवाट वाटते. या पेचातून बॉसला जाणत्यांचा गोतावळा जमवता आला असं मला दिसत नाही.

मग लॅपटॉप. हा विषय लेखात सगळ्यात कंटाळवाणा, आणि व्यवहारात सगळ्यात निर्णायक. झाकण मिटलं की झोपणं, उघडलं की जागं होणं, वायफाय लगेच लागणं. बीएसडी मंडळी इथे वर्षानुवर्षं मार खात आली. २०२४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनने लॅपटॉपसाठी साडेसात लाख डॉलरचं काम हाती घेतल्याचं जाहीर केलं, म्हणजे ही उणीव शेवटी पैशांत मोजली गेली. तोवर बरेच जाणते मॅकवर गेले होते. मॅकच्या तळाशी बीएसडीचा अंश आहे आणि २००७ पासून त्या प्रणालीला युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्रही आहे. टर्मिनल मिळालं, झाकणही मिटलं. आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय जाहीर केली, तिने तर निघू पाहणाऱ्यांना उंबऱ्यातच खुर्ची टाकून दिली. डेबियन-फ्रीबीएसडीची खरी स्पर्धा आज एकमेकींशी नसून त्या खुर्चीशी आहे.

मिहानमधल्या माणसापुढे याहून वेगळी, कागदावरची अडचण असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कराराने वेगळं ठरलं नसेल तर, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. त्यावर नेमणूकपत्रातली कलमं बऱ्याचदा आणखी पुढे जातात. २०२२ मध्ये दुसरी कामं करणाऱ्या आयटी कर्मचाऱ्यांवरून मोठा वाद झाला, तेव्हापासून तर संध्याकाळी घरी बसून लिहिलेला विनामोबदला पॅचही 'बाहेरचं काम' ठरेल का, ही धास्ती आहे. उत्तर करारात असतं आणि करार फार थोडे जण वाचतात. मुक्तस्रोत प्रकल्पांना भारतातून अनुभवी माणसं हवी असतील तर चकचकीत संकेतस्थळापेक्षा एक साधा नमुना-अर्ज उपयोगी पडेल: वरिष्ठांकडून लेखी परवानगी मागणारा, अमुक प्रकल्पात, अमुक वेळेत, कंपनीची साधनं न वापरता. काही कंपन्यांत अशी परवानगी मिळते, पण मागायची कशी हे माहीत नसल्याने मागितलीच जात नाही.

आणि मागायची कशासाठी? इथे मला मराठी माणसाच्या हातात एक खास पत्ता दिसतो. 'दऱ्या' किंवा 'पुऱ्या' यातला अर्धा र, पापणीसारखा दिसणारा, संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत जोडून. दोन, साध्या र ला हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. पण ग्रेपला पहिल्या पद्धतीने शब्द द्या, दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ओळी तिला सापडणार नाहीत. हजारो मराठी दस्तऐवजांत शोध घेणाऱ्या कुठल्याही कार्यालयाला हे रोज चावतं, आणि त्याचं कारण कळायला युनिक्सही मुरलेलं हवं आणि मराठीही. कॅलिफोर्नियातल्या कुशल माणसाला हा बिघाड आयुष्यात दिसणार नाही. 'बॅट'मधला स्वर दाखवणाऱ्या ॲ या चिन्हाला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी अ ला चंद्र जोडून काम भागवायचे, आणि तसा जुना मजकूर अजून पडून आहे. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित फाँट, मराठी वळणाचे ल आणि श, हे सगळं कुणाच्या तरी अशाच चरफडीतून दुरुस्त होत आलं.

असा माणूस डेबियनमध्ये शिरतो त्याची वाट ठरलेली आहे. ज्यांचा सांभाळ करणारं कुणी उरलं नाही अशा पॅकेजांची यादी प्रकल्प स्वतःच जाहीर ठेवतो, त्यांना तिथे अनाथ म्हणतात. त्यातलं एक घ्यायचं, बांधायचं, आणि अधिकार असलेल्या कुणाकडून तपासून वर चढवून घ्यायचं. सांभाळणाऱ्याच्या रकान्यात आपलं नाव लागतं आणि ते जगभरच्या आरशांवर, म्हणजे मिरर सर्व्हरांवर, जातं. दहा वर्षं दुसऱ्याचे सर्व्हर सांभाळलेल्याला या रकान्याचं मोल मी सांगायची गरज नाही. पुढे पूर्ण सदस्य व्हायचं तर डिजिटल किल्लीवर आधीच्या डेबियन डेव्हलपरांच्या सह्या सहसा लागतात, आणि त्या रीतीप्रमाणे समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून केल्या जातात. जवळपास असं कुणी नसेल तर शिफ्ट बदलून घ्यायची, आणि पुण्याची गाडी पकडायची.